नौरूचा धडा शिकवताना मुलांना हसवू नका



'जगातला सर्वांत लहान प्रजासत्ताक देश कोणता?' हा प्रश्न स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात असतोच. उत्तर नौरू. त्याच्या खाली बहुतेक दुसरा प्रश्न असतो, 'कोणत्या देशाला अधिकृत राजधानी नाही?' त्याचंही उत्तर नौरू. मुलं पाठ करतात, आपण शाबासकी देतो आणि पुढच्या प्रश्नाकडे जातो. मीही बरीच वर्षं तेच केलं.

मागच्या वर्षी मात्र आठवीच्या वर्गाला 'नैसर्गिक साधनसंपत्ती आणि व्यापार' हा भाग शिकवताना वाटलं, या देशाची गोष्ट जरा सविस्तर सांगावी. गोष्ट रंगतदार आहेच. पॅसिफिक महासागरात विषुववृत्ताच्या किंचित खाली एक इवलंसं बेट. बेटावर फॉस्फेटचा दगड सापडला आणि लोक मालामाल झाले. सरकारला आयकर घ्यायची गरज उरली नाही. दवाखाना फुकट, शाळा फुकट. मग दगड संपला, पैसा उडाला आणि देश कंगाल झाला. याच्यात इंटरनेटवरचा तो किस्साही मी घातला. तिथल्या एका पोलीस अधिकाऱ्यानं म्हणे महागडी लॅम्बोर्गिनी मागवली, पण त्याचं पोट एवढं सुटलेलं की तो गाडीत बसूच शकेना. वर्ग खो-खो हसला. मलाही बरं वाटलं. दुपारच्या तासाला मुलं हसली की शिक्षकाला तास चांगला झाल्यासारखं वाटतं, हे तुम्हालाही माहीत आहे.

हसणं थांबल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरवी फारसं बोलत नाही. म्हणाला, "सर, म्हंजे त्याईनं बी वावरच इकलं ना?"

दोन-तीन मुलं त्याच्याकडे पाहून पुन्हा हसली. ते हसणं वेगळं होतं. मला कारण माहीत होतं, पण बोलण्याच्या ओघात मी ते विसरलो होतो. त्याच्या वडिलांनी काही वर्षांपूर्वी आपलं वावर लेआउटवाल्याला विकलं होतं. घर बांधलं, एका बहिणीचं लग्न थाटात केलं, चारचाकी घेतली. आता चारचाकी नाही आणि वडील दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. गावात यावर विनोद होतात. मी नौरूवर जो विनोद केला, तो वर्गातल्या पंधरा-वीस मुलांनी त्या एका मुलावर झाल्यासारखा ऐकला.

त्या दिवसापासून मी हा विषय नव्यानं वाचायला घेतला. माझं मत झालं आहे की आपण नौरूची गोष्ट चुकीची शिकवतो. माहिती आपली बरोबर असते. पण सांगताना ती 'आळशी, उधळे लोक आणि त्यांची झालेली फजिती' अशी सांगतो. त्यामुळे मुलांना व्यापार कळत नाही. त्यांना फक्त कोणाला हसायचं ते कळतं.

किती मोठा देश?

आधी मुलांना मापानं समजावू. नौरूचं क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर. चौरस किलोमीटर म्हटलं की आपल्याकडच्या मुलांच्या डोळ्यांपुढे काही येत नाही, एकरात सांगा. सुमारे ५,२०० एकर. २०२१ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या साडेअकरा हजारांच्या आसपास होती. आपल्या वर्धा शहराची लोकसंख्या २०११ सालीच एक लाखाच्या वर गेली होती. म्हणजे वर्ध्याचे दोन-तीन वॉर्ड उचलून समुद्रात ठेवले, त्यांना झेंडा दिला आणि संयुक्त राष्ट्रसंघात खुर्ची दिली, तर जे होईल तेवढा तो देश. बेटाभोवतीचा रस्ता एकोणीस किलोमीटरच्या आसपास आहे, इथून सेलूला जाण्याएवढा. नदी नाही. पिण्याचं पाणी पावसाचं किंवा समुद्राचं खारं पाणी शुद्ध केलेलं. काठालगत नारळाची हिरवी पट्टी, आणि मधला उंच भाग, ज्याला तिथे 'टॉपसाइड' म्हणतात, तो पूर्वी झाडाझुडपांचा होता. सगळी संपत्ती या मधल्या भागात होती.

शोध कसा लागला, ते मुलांना जरूर सांगा, कारण ही गोष्ट खरी आहे आणि लॅम्बोर्गिनीपेक्षा चांगली आहे. १८९९ साली सिडनीतल्या एका कंपनीच्या ऑफिसात दार उघडं राहावं म्हणून एक दगड लावलेला असायचा. नौरूहून कोणीतरी आणलेला. सगळ्यांना वाटायचं ते दगड झालेलं लाकूड आहे. कंपनीतल्या अल्बर्ट एलिस या तरुणाला शंका आली, त्यानं तुकडा तपासला. निघालं उच्च प्रतीचं फॉस्फेट. बेट तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होतं. करार झाले आणि १९०६-०७ पासून खाणकाम आणि जहाजं भरणं सुरू झालं.

माझ्या वर्गात इथे एका मुलीनं विचारलं, "सर, मंग दगड कोणाले इकला?" या प्रश्नावर तास थांबवावा, असं मला वाटतं. अर्थशास्त्राचा निम्मा धडा याच प्रश्नात आहे.

कोणी घेतला आणि भाव कोणी ठरवला?

पहिल्या महायुद्धात, १९१४ साली, ऑस्ट्रेलियानं बेट ताब्यात घेतलं. १९१९ साली ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांनी आपापसात करार करून 'ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स' नावाची संस्था उभी केली. फॉस्फेटचा वाटा ठरला: ब्रिटन ४२ टक्के, ऑस्ट्रेलिया ४२ टक्के, न्यूझीलंड १६ टक्के. बेरीज करून पाहा. शंभर होते. नौरूच्या लोकांचा वाटा त्या बेरजेत कुठेच नाही. जमीनमालकांना टनामागे पेन्सच्या हिशेबात रॉयल्टी मिळायची.

यात आणखी एक मेख होती. ही संस्था दगड खणायची आणि आपल्याच देशांतल्या शेतकऱ्यांना जवळजवळ उत्पादन खर्चाच्या भावानं द्यायची. म्हणजे विकणारा तोच आणि घेणारा तोच. जगाच्या बाजारात भाव काय आहे, याच्याशी संबंधच नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची जमीन स्फुरदानं मुळातच गरीब. तिथली हिरवीगार कुरणं, लोकर, लोणी, गहू हे सगळं बऱ्याच अंशी या स्वस्त दगडावर उभं राहिलं. ज्याचा दगड, त्याला मात्र बाजारभाव माहीतच होऊ दिला नाही.

आपल्या भागातल्या पालकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आपला शेतकरी पराटी लावतो तेव्हा दिवाळीनंतर भाव काय असेल हे त्याला माहीत नसतं. जिनिंगला गाडी उभी केली की ग्रेडर ओलावा पाहून भाव सांगतो. गाडी परत नेणं परवडत नाही. बाजार तर अजून दूर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी काढलं. निर्णय कापड उद्योगाच्या सोयीचा होता, पण त्याची चिंता हिंगणघाटच्या मार्केट यार्डात दिसली. आपण जे पिकवतो त्याची किंमत आपल्या हातात नाही, हे मुलं घरी रोज ऐकतात. मग नौरूच्या धड्यात त्यांना ते ओळखू का येऊ नये?

आणि तेजीही आपण पाहिलेली आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाड, वर्धा, हिंगणघाटच्या कापसाचे भाव भराभर चढले. त्या तेजीत कापूसवाल्या मुलखात शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकाला लोखंडाऐवजी चांदीची धाव बसवली, असे किस्से तेव्हा सांगितले जात. युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला आणि भाव कोसळले. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली तोवर तेजी ओसरलीही होती. चांदीची धाव आणि लॅम्बोर्गिनी, दोन्ही किस्से एकाच जातीचे. अशा गोष्टी सांगणारा बहुतेक वेळा बाहेरचा असतो, आणि स्वस्तात माल घेणाराही तोच असतो.

मग चूक कोणाचीच नाही का?

आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्यानं मला नेमका हाच प्रश्न केला. "सर, तुम्ही त्यांना फारच सांभाळून घेता. स्वातंत्र्य मिळाल्यावर तर पैसा त्यांच्याच हातात होता ना?" त्यांचा मुद्दा खोडून काढता येत नाही, म्हणून तो इथे मांडतो.

नौरू ३१ जानेवारी १९६८ ला स्वतंत्र झाला. ही तारीख त्यांनी मुद्दाम निवडली. दुसऱ्या महायुद्धात जपाननं बेट घेतलं होतं आणि १,२०० नौरूवासीयांना दूर ट्रुक बेटांवर मजुरीला नेलं. उपासमारीनं, रोगानं चारशेच्या वर माणसं तिथे मेली. जे वाचले ते ३१ जानेवारी १९४६ ला घरी परतले. पुढे ऑस्ट्रेलियानं त्यांना क्वीन्सलँडजवळच्या कर्टिस बेटावर कायमचं हलवायचा प्रस्ताव दिला. बेट खणून होणारच आहे, तेव्हा तुम्ही इकडे या, असा विचार. १९६४ साली त्यांनी तो नाकारला. आपलं ओळखपत्र बदलून, दुसऱ्या देशात विरघळून जायचं नाही, असं ठरवलं. ज्यांना आपण 'उधळे' म्हणतो, त्यांनी एवढं केलं आहे, हे मुलांना सांगून मगच पुढे जावं.

१९७० पर्यंत त्यांनी खाणीची सगळी यंत्रणा २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन विकत घेतली. स्वतःच्याच बेटावरची. त्यानंतर भाव आला. १९७० च्या दशकात दरडोई उत्पन्नात हा देश जगातल्या सर्वांत वरच्या रांगेत होता. त्यांनी एक ट्रस्टही उभारला. विचार बरोबर होता: दगड संपणार आहे, तर त्याच्या पैशातून दुसरी मालमत्ता घ्यावी, तिच्या भाड्यावर पुढच्या पिढ्या जगतील. मेलबर्नमध्ये ५२ मजली 'नौरू हाऊस' उभं राहिलं, १९७७ साली. हॉटेलं घेतली, विमान कंपनी काढली. पण बेट दहा-अकरा हजार माणसांचं आणि विमानं देशोदेशी रिकामी उडणारी. १९९३ साली लंडनमध्ये लिओनार्दो दा विंचीवरच्या एका संगीत नाटकात पैसा घातला, ते नाटक आपटलं. ट्रस्टचे हिशेब लोकांपुढे धड कधी आलेच नाहीत. सरकारचा खर्च कमी पडला की ट्रस्टच्या तारणावर कर्ज. शेवटी २००४ साली नौरू हाऊस विकलं गेलं, आणि २००५ च्या डिसेंबरात विमान कंपनीचं उरलेलं विमानही कर्जापोटी जप्त झालं.

म्हणून माझ्या सहकाऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. नौरूनं १९८९ साली ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, तेव्हा दावा स्वातंत्र्यापूर्वी खणलेल्या जमिनीपुरता होता, आणि ती साधारण एक तृतीयांश होती. (या प्रश्नावर त्याआधी नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष श्रीलंकेचे कायदेपंडित ख्रिस्तोफर वीरमंत्री होते, हे सहज जाता जाता.) १९९३ साली ऑस्ट्रेलियानं १० कोटी ७० लाख डॉलर देऊन तडजोड केली. बाकीची जमीन नंतर खणली गेली, नौरूच्या स्वतःच्या सरकारच्या काळात. आज बेटाचा जवळजवळ चार पंचमांश भाग खणलेला आहे. तिथे चुनखडीचे उंच उंच सुळके उभे आहेत, दातांसारखे. तिथे ना शेती होत, ना घर बांधता येत.

दोन्ही गोष्टी वर्गात सांगाव्यात. पहिल्या साठ वर्षांत त्यांना लुटलं गेलं. नंतरच्या तीस वर्षांत त्यांनी स्वतः मुद्दल खाल्लं.

मुद्दल आणि उत्पन्न

धड्याचा गाभा मला इथे दिसतो. पाठ्यपुस्तकात आपण 'राष्ट्रीय उत्पन्न', 'दरडोई उत्पन्न' शिकवतो. नौरूचं दरडोई उत्पन्न ज्या काळात जगात वरच्या रांगेत मोजलं जात होतं, त्या काळात खरं तर ते लोक आपली जमीन जहाजात भरून पाठवत होते. हिशेबात ते 'उत्पन्न' दिसत होतं. आपल्या घरचा हिशेब लावा: कोणी घराच्या विटा काढून विकल्या आणि महिन्याचे पन्नास हजार मिळवले, तर त्याला पगार म्हणाल का?

शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हा फरक समजायला वेळ लागत नाही. तूर विकली ते उत्पन्न. गाय विकली तर? दूध विकलं तर? माझ्या वर्गात यावर मुलांनी दहा मिनिटं वाद घातला. बैल म्हातारा होता म्हणून विकला, तर ते काय? एकानं सांगितलं, विकून त्याच पैशाचा गोऱ्हा घेतला तर मुद्दल, मोबाईल घेतला तर गेलं. याच्यावर मी काहीच जास्त बोललो नाही.

आपल्या गावातच याचं मोठं रूप आहे. पिपरी, सिंदी, सावंगी, बोरगाव, ही सगळी मेघेंची गावं वर्ध्याला लागून. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जिथे ज्वारी-कापूस होता, तिथे आज प्लॉट, दुकानं, हॉस्टेल, मेस. समृद्धी महामार्गाच्या पट्ट्यातल्या गावांत मोबदल्याचे पैसे आले ते वेगळेच. जमीन विकणं हा गुन्हा नाही. शहर वाढतं, लोकांना घरं लागतात, आजारपणं येतात, लेकीची लग्नं असतात. पण आलेला पैसा उत्पन्न समजून खर्च झाला की काही वर्षांत काय होतं, हे आपण पाहतो आहोत. पालकसभेला त्या मुलाची आई आली होती. मी तिची माफी मागितली. वर्गातला प्रकार तिला मुलानं सांगितलाच नव्हता. ती म्हणाली, "तुम्ही खोटं काय बोलले जी? पैसा लय दिसला आमाले. वावर दरसाल पिकत होतं, पैसा काही पिकला नाही." थोडं थांबून तिनं आणखी एक सांगितलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जमीन विकताना शेजारच्या प्लॉटचा दर काय चालला आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. वर्षभरात तीच जमीन चौरस फुटानं कितीतरी पट भावानं गेली. एकरानं घेतली, फुटानं विकली. ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्सची आठवण झाली नसती तरच नवल.

वर्ध्यातल्या शिक्षकाला तर हा विषय शिकवायला बाहेर जायची गरज नाही. मगनवाडी आपल्या पायाखाली आहे. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ इथे सुरू झाला आणि त्याचं काम जे. सी. कुमारप्पा पाहत. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा तंजावरकडचा माणूस वर्ध्यात राहून घाणीचं तेल, हातकागद, मधमाशा यांवर काम करत होता. १९४५ साली त्यांचं 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' हे पुस्तक आलं, ते त्यांनी जबलपूरच्या तुरुंगात लिहिलं होतं. त्यात त्यांनी निसर्गातली साधनं दोन प्रकारची मानली: काही साठ्यासारखी, कोळसा, खनिज तेल, धातू, उपसली की संपणारी, आणि काही प्रवाहासारखी, जंगल, पीक, पाणी, जपून घेतली तर पुन्हा पुन्हा येणारी. साठ्यावर संसार उभा केला की भांडणं आणि लढाया येतात, असं त्यांचं म्हणणं. नौरूचं नाव त्यात नसलं तरी नौरू समजायला मला याहून सोपं साधन सापडलं नाही. मुलांना मगन संग्रहालय दाखवायला नेतो तेव्हा आपण चरखे आणि घाणी दाखवून परत आणतो. हा एक विचारही तिथे उभं राहून पाच मिनिटांत सांगता येतो.

कुमारप्पांचं सगळंच मला पटतं असं नाही. आपल्या शेताला स्फुरद लागतं आणि ते बहुतांश बाहेरूनच येतं. साठ्यातलं काहीच वापरायचं नाही म्हटलं तर सोयाबीन काय पिकणार? पण वापरताना आपण साठ्यातून काढतो आहोत, हे ध्यानात असायला हवं, एवढं मान्य करायला काय हरकत आहे?

खताच्या पोत्यावरून शिकवा

स्फुरदाचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगतो. मला स्वतःला ती वाचून आश्चर्य वाटलं होतं. ओडिशातला पारादीपचा खत कारखाना, पारादीप फॉस्फेट्स, १९८१ साली स्थापन झाला तेव्हा तो भारत सरकार आणि नौरू प्रजासत्ताक यांचा संयुक्त उद्योग होता. हो, तोच साडेअकरा हजार वस्तीचा देश आपल्या सरकारचा भागीदार होता! नुसता कच्चा दगड विकण्यापेक्षा खत बनवणाऱ्या कारखान्यात वाटा घ्यावा, हा हिशेब संगीत नाटकापेक्षा कितीतरी शहाणपणाचा होता. १९९३ साली नौरू त्यातून बाहेर पडला. २००२ मध्ये केंद्रानं बहुतांश हिस्सा झुआरी आणि मोरोक्कोच्या फॉस्फेट कंपनीच्या संयुक्त कंपनीला विकला. २०२२ साली गोव्यातला झुआरीनगरचा खत कारखानाही पारादीपकडे आला.

म्हणजे जे नौरूनं सोडलं, तिथे मोरोक्को आला. मोरोक्कोकडे जगातले सर्वांत मोठे फॉस्फेट साठे आहेत. भारताकडे उदयपूरजवळ झामरकोटड्याला थोडे आहेत, पण गरज त्याहून खूप मोठी. खरिपाच्या तोंडावर डीएपीसाठी कृषी केंद्रापुढे रांग लागते, त्या रांगेचं एक टोक मोरोक्को-जॉर्डनच्या खाणीत असतं.

मी मुलांना घरचं किंवा शेजारचं रिकामं खताचं पोतं बघून यायला सांगितलं. वर छापलेले आकडे लिहायचे: १८:४६:० किंवा सुपर फॉस्फेट असेल तर १६ टक्के. कारखान्याचं गाव लिहायचं. नकाशावर शोधायचं. घरी विचारायचं, मागच्या वर्षी कापसाचा चुकारा किती आला, त्यातून खताचे किती गेले. काही पालकांना पैशाचं मुलांनी विचारलेलं आवडलं नाही, एकानं फोन करून सांगितलंही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आकडा न लिहिता 'चौथा हिस्सा', 'अर्धा' असं लिहिलं तरी चालेल, असं मी नंतर सांगितलं. तुम्ही करणार असाल तर सुरुवातीपासूनच तसं सांगा.

नौरूच्या शेजारची एक गोष्ट जोडीला घ्या, नाहीतर मुलांचा समज होतो की अशा बेटांचं नशीबच फुटकं. पूर्वेला तीनशे किलोमीटरवर बनाबा नावाचं बेट, आता ते किरिबाती या देशात आहे. तिथेही हाच दगड, हीच कंपनी. तिथल्या लोकांचे हाल कदाचित जास्तच झाले, त्यांना १९४५ मध्ये फिजीतल्या राबी बेटावर हलवलं गेलं. पण फॉस्फेटच्या पैशातून १९५६ साली एक राखीव निधी काढला गेला. १९७९ साली दगड संपला. निधी आजही आहे, आणि किरिबातीचं सरकार अडचणीच्या वर्षी त्यातून थोडं घेतं. तिथल्या लोकांनी बनाबाच्या दगडाचं न्याय्य वाटप झालं का, हा प्रश्न वेगळा आणि कडू आहे. मुद्दल मात्र राहिलं.

आता आमच्या वर्गातला शेवटचा प्रश्न. तो त्याच मुलाचा होता, या वेळी कोणी हसलं नाही. "सर, मंग आता ते लोक काय इकते?"

उत्तर देण्यासाठी मला परत वाचावं लागलं. मधल्या काळात त्यांनी बरंच काही विकलं. बँकांचे परवाने विकले, त्यातून काळ्या पैशाचा बदलौकिक झाला. २००१ पासून ऑस्ट्रेलियाकडे आश्रय मागणाऱ्या लोकांना ठेवून घेण्याचे पैसे घेतले, त्यावर जगभर टीका झाली. संयुक्त राष्ट्रांतली ओळख हीसुद्धा विकायची वस्तू झाली. तैवान आणि चीन यांच्यात त्यांनी पारडं एकापेक्षा जास्त वेळा बदललं, शेवटचं २०२४ च्या जानेवारीत. मुलांना मी हे सगळं सांगितलं नाही, थोडंच सांगितलं.

मासे मात्र सविस्तर सांगितले. बेट एवढंसं असलं तरी भोवतालचा समुद्र मोठा आणि त्यात टुना मासा. तो पकडायला परदेशी जहाजं येतात. पण १९८२ साली पॅसिफिकमधल्या टुनावाल्या देशांनी एकत्र येऊन करार केला, त्याला नावच 'नौरू करार' आहे. आता हे देश परदेशी जहाजांना मासे नव्हे, दिवस विकतात. वर्षभरात एकूण किती दिवस मासेमारी होऊ द्यायची हे आधी ठरतं, ते दिवस देशांमध्ये वाटले जातात, आणि ज्या जहाजाला यायचं त्यानं दिवस विकत घ्यायचा. दिवसाला कमीत कमी ८,००० अमेरिकी डॉलर हा पायाभाव सगळ्यांनी मिळून धरलेला. एकट्यानं पाडून द्यायचा नाही. २०१५ साली नौरूनं पुढच्या पिढ्यांसाठी पुन्हा एक निधीही सुरू केला, या वेळी बाहेरच्या देशांचे प्रतिनिधी हिशेबाला सोबत घेऊन.

"दिवस कसा इकते सर?" असं म्हणत त्यानं वहीत ८,००० लिहिलं आणि डॉलरचा भाव विचारला. मी सांगितला. तो गुणाकार करायला लागला, आणि शेजारचा मुलगा त्याची वही ओढून बघायला लागला की किती येतात. तास संपला होता. गुणाकार बरोबर होता का, ते दुसऱ्या दिवशी तपासलं. एक शून्य कमी लिहिलं होतं.